गुरूच्या दारात जुनो : एक ज्वलन झाले, दुसरे का टाळले?

५ जुलै २०१६, मंगळवार. आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजता नासाच्या जुनो यानाचे मुख्य इंजिन गुरूजवळ पेटले आणि ८ वाजून ३५ मिनिटांनी थांबले. पृथ्वीवर 'पेटले' हा संकेत पोहोचला तो ८ वाजून ४८ मिनिटांनी, म्हणजे इंजिन विझून १३ मिनिटे झाल्यावर. त्या दिवशी गुरूपासून आपल्यापर्यंत यायला प्रकाशाला ४८ मिनिटे १९ सेकंद लागत होती. मराठवाड्याच्या आकाशात त्या वेळी गुरू उगवलाही नव्हता. तो साडेदहाच्या सुमारास पूर्वेला वर येणार होता. संकेत ऐकायला कान लावून होत्या त्या कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या तबकड्या. ९ वाजून २३ मिनिटांनी ज्वलन संपल्याचा संकेत आला आणि जुनो गुरूभोवतीच्या कक्षेत स्थिरावल्याचे नक्की झाले.

बहुतेक वर्णने इथे संपतात. नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या अभियांत्रिकीच्या आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे हे प्रकरण मांडण्याचे कारण मात्र यानंतरच्या साडेसात महिन्यांत आहे. त्या काळात दोन छोटे व्हॉल्व सावकाश उघडले, ठरलेले दुसरे ज्वलन आधी पुढे ढकलले गेले आणि शेवटी रद्द झाले. पहिल्या वेळी इंजिन पेटवण्याला पर्याय नव्हता. दुसऱ्या वेळी होता. तो पर्याय कुठून आला, हे समजायला आधी आकडे पाहावे लागतात.

पहिले ज्वलन : हिशेब

जुनो ५ ऑगस्ट २०११ रोजी केप कॅनाव्हरलहून ॲटलस-५ रॉकेटवर निघाले. निघताना वजन ३,६२५ किलो. त्यातले १,२८० किलो हायड्रॅझिन हे इंधन आणि ७५२ किलो नायट्रोजन टेट्रॉक्साइड हे ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जळायला प्राणवायू पुरवणारे द्रव्य. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन जाळण्यासाठीच होते. पाच वर्षांत सुमारे २८० कोटी किमी अंतर कापून ते गुरूपाशी आले.

गुरूपासून दूर असताना त्याच्या तुलनेत यानाचा वेग सेकंदाला साधारण साडेपाच किमी होता. गुरू ओढत गेला तसा तो वाढत वाढत ढगांच्या माथ्यापासून ४,७०० किमी उंचीवर सेकंदाला ५८ किमीच्या जवळ पोहोचला. संभाजीनगर ते नांदेड हे सरळ रेषेतले सव्वादोनशे किमी अंतर या वेगाने चार सेकंदांत सरते.

आता वही घ्या. गुरूचे वस्तुमान आणि गुरुत्व स्थिरांक यांचा गुणाकार सुमारे १२.६७ कोटी घन किमी प्रतिवर्गसेकंद येतो. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किमी. त्यात ४,७०० मिळवले की केंद्रापासूनचे अंतर ७६,२०० किमीच्या आसपास. गुणाकाराची दुप्पट करून या अंतराने भागा आणि वर्गमूळ काढा. त्या जागी गुरूच्या पकडीतून सुटायला लागणारा वेग मिळतो : सेकंदाला ५७.७ किमी. दुरून येणाऱ्या यानाचा वेग तिथे ५७.९ च्या थोडा वर. म्हणजे जुनो सुटकेच्या वेगापेक्षा जेमतेम पाव किमीने पुढे होते.

ज्वलनाने वेग घटवला तो सेकंदाला ५४२ मीटर. या ढोबळ हिशेबात निम्मे ज्वलन नुसते पकडीत येण्यात खर्च होते आणि उरलेल्या निम्म्यामुळे ५३ दिवसांची लांबोळकी कक्षा मिळते. हीच कपात गुरूपासून लांब असताना केली असती, तर साडेपाचातला अर्धा किमी कमी झाला असता आणि यान तरीही निसटून गेले असते. वेग सर्वांत जास्त असतो तिथेच ब्रेक लावला तर थोड्या इंधनात जास्त ऊर्जा काढून घेता येते. विद्यार्थी या जागी हमखास अडखळतात, कारण रस्त्यावरचा अनुभव वेगळा असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, हे सूत्र पाठ असते. ५८ चा वर्ग आणि ५७.४ चा वर्ग काढून वजाबाकी केली की ते पटते.

याचाच दुसरा अर्थ असा की जागा एकच आणि वेळही एकच. चुकले तर पुन्हा फेरी मारून यायची सोय नाही. यान गुरूला ओलांडून सूर्याभोवती फिरत राहिले असते.

पंधरा दिवसांची तयारी

२० जून २०१६ : इंजिनाच्या नळकांड्यावरचे संरक्षक झाकण उघडले. पाच वर्षांत सूक्ष्म धूलिकण आतल्या लेपावर आदळू नयेत म्हणून ते ठेवलेले होते.

२८ जून : हेलियम सोडून इंधनाच्या आणि ऑक्सिडायझरच्या टाक्यांमधला दाब वाढवला. ही पायरी ध्यानात ठेवा, ऑक्टोबरमध्ये गाडी इथेच अडली.

२९ जून : सर्व वैज्ञानिक उपकरणे बंद केली. गुरूवर आल्याचे छायाचित्र त्या दिवशी कुणाला मिळाले नाही, आणि तेच योग्य होते. कॅमेऱ्याच्या एखाद्या बिघाडाने संगणक सुरक्षित अवस्थेत गेला असता तर इंजिन पेटायच्या ऐन वेळी यान आज्ञांची वाट पाहत बसले असते.

३० जूनपासून यान साठवलेल्या आज्ञावलीवर चालले. ४८ मिनिटांच्या अंतरावरून कोणी कळ दाबू शकत नाही. मध्येच संगणक बंद पडला तर तो स्वतःच पुन्हा सुरू होऊन अर्धवट ज्वलन पुढे नेईल, अशी सोय आज्ञावलीत होती.

प्रत्यक्ष दिवशी यानाने सूर्याकडे पाठ फिरवून इंजिनाचे तोंड प्रवासाच्या दिशेला केले आणि स्वतःभोवतीचे फिरणे मिनिटाला २ फेऱ्यांवरून ५ वर नेले. भोवरा वेगाने फिरला की डगमगत नाही, तेच तत्त्व. इंजिनाचा रेटा अक्षाबाहेर थोडासा कलला तरी वेगाने फिरणारे यान दिशा सोडत नाही. पण वळल्यामुळे दोन गोष्टी हातच्या गेल्या. सौरपट्ट्यांवर पुरेसे ऊन नाही, म्हणून भार बॅटऱ्यांवर. आणि अडीच मीटरची मोठी तबकडी यानाला पक्की जोडलेली, ती पृथ्वीकडून वळली. म्हणून मोजमापांची माहिती येणे बंद. उरले ते ठरावीक सूर. प्रत्येक सुराला ठरलेला अर्थ होता : वळलो, फिरणे वाढवले, पेटले. सोबत लहरींच्या वारंवारतेतल्या बदलावरून वेग किती घटला, तेही मोजता येत होते.

ज्वलन २,१०२ सेकंद चालले. नियोजन आणि प्रत्यक्ष यांत फरक पडला तो जेमतेम सेकंदाचा. इंजिनाचा रेटा होता ६४५ न्यूटन, म्हणजे साधारण ६६ किलोच्या माणसाच्या वजनाएवढा. इतका थोडा रेटा एवढ्या मोठ्या यानाला पुरला कसा, अशी शंका येते. ६४५ ला २,१०२ ने गुणा आणि ५४२ ने भागा : २,५०० किलो येतात. ज्वलनादरम्यानचे यानाचे सरासरी वजन हेच निघायला हवे. वर्गात हा ताळा करून पाहण्यासारखा आहे.

एनआरव्ही

पकडल्यावर मिळालेली ५३ दिवसांची कक्षा कायमची नव्हती. तिच्या दोन फेऱ्या झाल्यावर १९ ऑक्टोबर २०१६ ला गुरूच्या सर्वांत जवळून जाताना मुख्य इंजिन पुन्हा पेटवायचे आणि कक्षा १४ दिवसांची करायची, असे ठरले होते. वरच्याच पद्धतीने हिशेब केला तर त्यासाठी सेकंदाला आणखी ४०० मीटरच्या आसपास कपात लागते. १४ दिवसांच्या वेळापत्रकात ३२ वैज्ञानिक फेऱ्या फेब्रुवारी २०१८ पर्यंत आटोपल्या असत्या.

ज्वलनाच्या काही दिवस आधी टाक्यांवर दाब देण्याची आज्ञा गेली. हेलियमच्या नळीतले दोन चेक व्हॉल्व काही सेकंदांत उघडायला हवे होते. त्यांना कित्येक मिनिटे लागली.

चेक व्हॉल्व म्हणजे आपला एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व). ठिबक असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला तो माहीत असतो. व्हेंच्युरीतून खत सोडताना लाइट गेली, मोटर थांबली आणि एनआरव्ही नसला की पाइपातले पाणी मागे येते आणि खत थेट विहिरीत उतरते. यानातली अडचण याच जातीची, फक्त फार जास्त घातक. हेलियमची टाकी एक. तिच्यातून एक फाटा इंधनाच्या टाकीला आणि दुसरा ऑक्सिडायझरच्या टाकीला. हायड्रॅझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड एकमेकांना भेटले की ठिणगीशिवाय पेटतात. इंजिनात हा गुण कामाचा. पण त्यांच्या वाफा उलट्या सरकत हेलियमच्या नळीत एकत्र आल्या तर तीच नळी जळते किंवा आत क्षार तयार होतो. म्हणून प्रत्येक फाट्यावर हेलियमला फक्त पुढे जाऊ देणारा व्हॉल्व बसवतात.

मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्याने एनआरव्हीच्या पडद्यावर क्षार धरतो, तो पूर्ण उघडत नाही आणि शेवटच्या नळ्यांना दाब मिळत नाही. मग आम्ल सोडून धुवावे लागते. हे उदाहरण नुसते समजावण्यापुरते नाही. जपानच्या अकात्सुकी यानावर जवळजवळ हेच घडले. ७ डिसेंबर २०१० रोजी शुक्रापाशी त्याचे इंजिन पेटले आणि १५८ सेकंदांत बंद पडले. इंधनाच्या बाजूच्या चेक व्हॉल्ववर क्षार धरला होता, तो नीट उघडला नाही. इंधन कमी आणि ऑक्सिडायझर जास्त झाले, तापमान भलतेच वाढले, इंजिनाचे नळकांडे तुटले आणि यान शुक्राला सोडून निघून गेले. त्याआधी ऑगस्ट १९९३ मध्ये मार्स ऑब्झर्व्हर मंगळाला पोहोचायच्या तीन दिवस आधी टाक्यांवर दाब देतानाच गप्प झाले. चेक व्हॉल्वमधून झिरपलेले ऑक्सिडायझर नळीत इंधनाला भेटले, हे चौकशीत सर्वांत संभाव्य कारण ठरले.

या दोन घटना माहीत असलेल्या माणसाला 'व्हॉल्व उशिरा का होईना, उघडले ना?' हा युक्तिवाद पुरत नाही. दोन्ही टाक्यांना हेलियम सारखा मिळाला नाही तर मिश्रणाचे प्रमाण बिघडते. मग रेटा चुकतो, तापमान चुकते आणि गुरूजवळ सेकंदाला ५७ किमी वेगाने जाताना रेटा चुकला तर कक्षा कुठली मिळेल, ते सांगता येत नाही.

ज्वलन पुढे ढकलले. त्यातच गुरूजवळ पोहोचायला तेरा तास उरले असताना जुनोचा संगणक पुन्हा सुरू झाला आणि यान सुरक्षित अवस्थेत गेले. त्या फेरीत एकही मोजमाप मिळाले नाही. एका आठवड्यात दोन बिघाड आले की त्यांना एकाच दोरीत बांधायचा मोह होतो. इथे चमूने दोन्हींचा तपास वेगवेगळा ठेवला : एक सॉफ्टवेअरचा, दुसरा नळीचा. बिघाड शोधणाऱ्या प्रत्येकाने ही शिस्त उचलावी, मग तो यानावर काम करो की औंढा नागनाथला उभ्या राहणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या निर्वात नळ्यांवर.

निर्णय

१७ फेब्रुवारी २०१७ ला नासाने जाहीर केले की जुनो ५३ दिवसांच्या कक्षेतच राहील. मुख्य इंजिन पुन्हा पेटवायचे नाही.

हा निर्णय आम्हाला निःसंशय बरोबर वाटतो आणि कारण कक्षेच्या आकारात आहे. कक्षा १४ दिवसांची असो की ५३ दिवसांची, गुरूच्या सर्वांत जवळचा बिंदू तोच राहतो : ढगांच्या वर काही हजार किमी. लहान कक्षेत यान गुरूपासून ३३ लाख किमी दूर जाऊन परतले असते, मोठीत ८१ लाख किमी जाऊन परतते. दूरच्या टोकाला ते काय करते? बहुतांश वेळ वाट पाहते. उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंतची धाव सुमारे दोन तासांची. गुरुत्वाचे, चुंबकीय क्षेत्राचे, खोल वातावरणाचे कळीचे मोजमाप त्या आणि आसपासच्या काही तासांत होते. म्हणजे एका फेरीत मिळणाऱ्या माहितीची प्रत उणावत नाही, फक्त फेऱ्या उशिरा येतात.

किरणोत्साराचेही तसेच. नाजूक यंत्रणा एक सेंटीमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या पेटीत आहेत, तरी प्रत्येक फेरीला मारा बसतोच. पण तो मुख्यतः गुरूजवळून जाताना बसतो. लांबच्या टोकाला यान किरणोत्साराच्या पट्ट्यांबाहेर असते, त्यामुळे वाट पाहण्यात आयुष्य फारसे झिजत नाही.

एका पारड्यात वेळ, दुसऱ्यात यान. जुलैमध्ये असे पारडे नव्हतेच. तेव्हा न पेटवणे म्हणजेच यान गमावणे होते. ऑक्टोबरमध्ये न पेटवण्याची किंमत फक्त वर्षांत मोजता येत होती. १४ दिवसांच्या कक्षेसाठी जन्मलेले यान ५३ दिवसांच्या कक्षेत चालते, ही सोय कोणी मुद्दाम केली नव्हती, पण कागदावर पाहिले तेव्हा ती तिथे होती.

आलेले बिल

जुलै २०१८ पर्यंत ३२ ऐवजी १२ वैज्ञानिक फेऱ्या होणार होत्या. म्हणून मोहिमेची मुदत जुलै २०२१ पर्यंत वाढवली. दुसरा हप्ता जास्त बोचरा होता.

जुनो सौरऊर्जेवर चालते. गुरूवर ऊन पृथ्वीच्या सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्याचे. तीन पट्ट्या, प्रत्येक साधारण नऊ मीटर लांब, मिळून पृथ्वीपाशी १४ किलोवॅट देऊ शकल्या असत्या. गुरूपाशी जेमतेम अर्धा किलोवॅट मिळते. ३ एचपीच्या सौर कृषिपंपाला ३,००० वॅटचे पॅनेल लागतात. जुनोचा सगळा संसार घरातल्या एका मिक्सरच्या विजेत चालतो. मूळ वेळापत्रकाने मोहीम २०१८ मध्येच आटोपली असती. कक्षा बदलल्यामुळे ३ नोव्हेंबर २०१९ च्या फेरीत यान सलग १२ तास गुरूच्या सावलीत सापडणार, असे गणित आले. ऑक्टोबर २०१३ मध्ये पृथ्वीजवळून जाताना २० मिनिटांची सावली लागली होती, तेव्हाही यान सुरक्षित अवस्थेत गेले होते. १२ तासांत बॅटऱ्या संपून ते गोठले असते.

मुख्य इंजिन वापरायचे नाही, मग हातात उरले ते वळण्या-फिरण्यासाठीचे छोटे थ्रस्टर. ते एकट्या हायड्रॅझिनवर चालतात. हायड्रॅझिन उत्प्रेरकावर पडले की विघटन होऊन तापलेला वायू बाहेर पडतो. ऑक्सिडायझर नको, म्हणून त्या दोन व्हॉल्वशी त्यांचे काही देणेघेणे नाही. न झालेल्या ज्वलनातले इंधनही शिल्लक होतेच. ३० सप्टेंबर २०१९ ला हे थ्रस्टर सलग साडेदहा तास चालवले. आधीच्या सर्वांत लांब वापराच्या पाचपट वेळ. ७३ किलो इंधन गेले, वेग ताशी २०३ किमीने बदलला आणि जुनो सावलीला वळसा घालून उन्हात राहिले. त्याच फेरीत दक्षिण ध्रुवाजवळ एक नवे चक्रीवादळ दिसले. मधल्या वादळाभोवती आधी पाच वादळे होती, ती सहा झाली. मोहीम ठरल्याप्रमाणे संपली असती तर ते पाहायला तिथे कोणी नव्हते.

अकात्सुकीच्या चमूनेही अशाच छोट्या थ्रस्टरांवर भिस्त ठेवली होती. पाच वर्षे सूर्याभोवती फिरवून ७ डिसेंबर २०१५ ला त्यांनी वीस मिनिटांच्या ज्वलनाने यान शुक्राच्या कक्षेत घातले. आपल्या मंगळयानाचे उदाहरणही शेजारी ठेवावे. ३०० दिवस बंद असलेले मुख्य इंजिन सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळापाशी पेटवायच्या दोन दिवस आधी इस्रोने ४ सेकंद चालवून पाहिले.

कक्षा लहान कशी झाली

गुरूच्या फुगीर विषुववृत्तामुळे जुनोची कक्षा हळूहळू वळते आणि जवळचा बिंदू प्रत्येक फेरीला साधारण एक अंश उत्तरेकडे सरकतो. त्याबरोबर विषुववृत्ताचे प्रतल ओलांडण्याची जागाही गुरूकडे सरकत येते. मोठे चंद्र याच प्रतलात फिरतात : गॅनिमिड १०.७ लाख किमीवर, युरोपा ६.७ लाखांवर, आयो ४.२ लाखांवर. म्हणजे वर्षे उलटतील तसे जुनो आपसूक एकेका चंद्राच्या वाटेवर येणार होते. मोहीम पुन्हा वाढवली तेव्हा याचाच उपयोग केला.

७ जून २०२१ ला गॅनिमिडपासून १,०३८ किमीवरून जाताना त्याच्या ओढीने जुनोचा फेरीकाळ ५३ वरून ४३ दिवसांवर आला. २९ सप्टेंबर २०२२ ला युरोपाजवळून जाताना ३८ वर. ३० डिसेंबर २०२३ आणि ३ फेब्रुवारी २०२४ ला आयोपासून सुमारे १,५०० किमीवरून गेल्यावर आधी ३५ आणि मग ३३ वर. मुख्य इंजिन या काळात एकदाही पेटले नाही. ऑक्टोबर २०१६ नंतरच्या सव्वासात वर्षांत चंद्रांनी फेरीकाळातले वीस दिवस कमी केले आणि ते दोन व्हॉल्व पुन्हा उघडावे लागले नाहीत.